औषध बाजारात मिळत नाही, तेव्हा डॉक्टरांनी नेमके काय करावे?

रामबागकर | 4 जानेवारी, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. माझे थोरले बंधू गेली 18 वर्षे मनःस्थितीच्या आजारासाठी लिथियमची साधी 300 मिलिग्रॅमची गोळी दिवसातून तीन वेळा घेत आहेत. या गोळीच्या आधाराने त्यांनी नोकरी पूर्ण केली, दोन्ही मुलींची लग्ने केली आणि आता ते नातवाला गणित शिकवतात. गेल्या तीन आठवड्यांपासून ही गोळी इंदुरात मिळत नाही. राजवाड्यापासून पलासियापर्यंत मी अकरा दुकाने पालथी घातली. बहुतेक ठिकाणी नुसते ‘नाही’ ऐकले, काही ठिकाणी ‘पुढच्या आठवड्यात बघा’ असे उत्तर मिळाले, आणि एका दुकानदाराने ‘याच्याऐवजी हे चालेल’ म्हणून जी पट्टी पुढे केली तिच्यावर 300 ऐवजी 400 असा आकडा होता. मी ती घेतली नाही.

दवाखान्यात फोन केला तेव्हा स्वागतकक्षातून उत्तर आले की डॉक्टरांनी औषध लिहून दिले आहे, ते मिळवणे तुमच्याकडे. मला कोणावर राग काढायचा नाही. मात्र एक प्रश्न मनात घर करून बसला आहे: चिठ्ठी लिहिली की डॉक्टरांचे काम संपते का? औषधाचा तुटवडा असताना ते रुग्णासाठी प्रत्यक्षात काय करू शकतात, आणि आपण त्यांच्याकडे काय मागणे रास्त आहे? घरात नऊ दिवसांच्या गोळ्या शिल्लक आहेत.

पोहे_जिलेबी | 4 जानेवारी, रात्री 9:58

आपल्या गावात सकाळी दहा वाजता एखाद्याचे पोहे संपले, तर तो स्वतःच पुढच्या कोपऱ्यावरचे दुकान दाखवतो. औषध संपले की मात्र नुसती मान हलवतात. उत्तर माझ्याकडे नाही, परंतु धागा वाचत राहणार आहे.

निवृत्त_औषधवाला | 4 जानेवारी, रात्री 10:35

मी दवा बाजारात 34 वर्षे काढली, त्यामुळे काउंटरच्या आतल्या बाजूने काय दिसते ते आधी सांगतो.

बाजारात ‘शॉर्ट आहे’ हे दोन शब्द दोन निराळ्या गोष्टींसाठी वापरले जातात. एक म्हणजे ब्रँड शॉर्ट, म्हणजे एका कंपनीचा माल येत नाही, पण तेच औषध दुसऱ्या कंपनीच्या नावाने शेजारच्या स्टॉकिस्टकडे, म्हणजे घाऊक विक्रेत्याकडे पडलेले असते. दुसरा प्रकार म्हणजे सॉल्टच शॉर्ट, म्हणजे मूळ औषधच कोणाकडे नाही. रुग्णाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. चिठ्ठीवर ज्या नावाचा ब्रँड आहे तो कपाटात नसला की दुकानदार ‘नाही’ म्हणतो, आणि कायद्याच्या दृष्टीने त्याचे चुकत नाही. औषध नियमावली 1945 मधील नियम 65 प्रमाणे शेड्यूल एच, एच-1 आणि एक्स मधील, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकायच्या याद्यांतील औषधांच्या बाबतीत चिठ्ठीवर जे लिहिले आहे त्याऐवजी दुसरे काहीही देता येत नाही, मग आतला सॉल्ट तोच का असेना. व्यवहारात रोज दिले जाते हे सर्वांना ठाऊक आहे, पण जो दुकानदार नियमाने वागतो तो हात वर करणारच.

म्हणून डॉक्टर करू शकतील अशी पहिली आणि बिनखर्चाची गोष्ट म्हणजे चिठ्ठीवर ब्रँडच्या खाली मूळ औषधाचे नाव सुवाच्य अक्षरात लिहिणे आणि ‘याच औषधाची, याच शक्तीची, याच प्रकारची कोणत्याही कंपनीची गोळी चालेल’ अशी एक ओळ जोडणे. एवढ्या एका ओळीने अकरापैकी निदान काही दुकानांची दारे उघडली असती.

दुसरी गोष्ट. कोणत्या कंपनीचा माल सध्या येत आहे हे डॉक्टरांना आपल्यापेक्षा लवकर कळू शकते. त्यांच्या दारात रोज एमआर, म्हणजे औषध कंपन्यांचे प्रतिनिधी बसलेले असतात. त्यांना पेन आणि कॅलेंडर देण्याऐवजी स्टॉकची खबर द्यायला सांगितले, तर बरेच काम होईल.

आणि हो, ती 400 ची पट्टी आपण घेतली नाहीत हे उत्तम केलेत. ती बहुधा सावकाश विरघळणारी, म्हणजे एसआर गोळी असणार.

शेव_आणि_स्टेथोस्कोप | 4 जानेवारी, रात्री 11:20

काकांनी बाजाराची बाजू इतकी स्पष्ट मांडली आहे की मी फक्त दवाखान्याची बाजू जोडते. मी फिजिशियन आहे, राजेंद्रनगर भागात बसते.

रामबागकर, आधी आपल्या बंधूंविषयी. धाग्यावरून मी मात्रा सांगणार नाही, परंतु तीन गोष्टी आज रात्रीच लक्षात घ्याव्यात. उरलेल्या गोळ्या पुरवण्यासाठी त्या स्वतःहून अर्ध्या करू नका किंवा एक दिवसाआड देऊ नका, कारण लिथियम अचानक कमी झाले किंवा थांबले तर आजार उलटण्याचा धोका वाढतो. साध्या गोळीवरून एसआर गोळीवर जाता येते, मात्र ते मिलिग्रॅमला मिलिग्रॅम लावून करायचे नसते. मात्रा ठरवून, साधारण पाच ते सात दिवसांनी, शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी रक्तातील पातळी तपासावी लागते. आणि या काळात कंबर दुखली म्हणून आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी घेऊ नये, कारण तिने लिथियमची पातळी वर जाते. नऊ दिवस हा पुरेसा वेळ आहे. सोमवारी फोन न करता प्रत्यक्ष जा, सोबत शिल्लक गोळ्यांची संख्या आणि ज्या दुकानांत विचारले त्यांची यादी कागदावर लिहून न्या. ‘औषध मिळत नाही’ या वाक्यापेक्षा ‘नऊ दिवसांच्या 27 गोळ्या उरल्या आहेत आणि एसआर गोळी उपलब्ध आहे’ हे वाक्य डॉक्टरांना लगेच कामाला लावते.

आता मूळ प्रश्न. माझ्या मते डॉक्टरांची जबाबदारी चिठ्ठीवर संपत नाही. न मिळणारे औषध लिहिणे आणि काहीच न लिहिणे यांत रुग्णाच्या दृष्टीने फरक नसतो.

हिशेबनीस | 5 जानेवारी, सकाळी 7:15

सर्वांविषयी आदर राखून विरोधी मत मांडतो. मी बँकेत आयुष्य घालवले आहे आणि जबाबदारी कोणाची हे आधी ठरवल्याशिवाय हिशेब जुळत नाही, असा माझा अनुभव आहे. माल बनवणे कंपनीचे काम, तो पोहोचवणे वितरकाचे, त्यावर लक्ष ठेवणे सरकारचे. यातले कोणीच आपले काम करत नाही, म्हणून ज्या डॉक्टरच्या दाराबाहेर साठ रुग्ण बसले आहेत त्याने दुकानांना फोन लावत बसावे काय? शिवाय ‘कोणत्याही कंपनीची चालेल’ असे लिहून दिले की निवड डॉक्टरकडून दुकानदाराकडे जाते, आणि दुकानदार साहजिकच ज्या मालात नफा अधिक तो देतो. ऑगस्ट 2023 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने मूळ नावानेच औषधे लिहिण्याचे बंधन घातले आणि त्याच महिन्यात ते नियम स्थगितही केले, ते काही उगीच नव्हे.

निवृत्त_औषधवाला | 5 जानेवारी, सकाळी 8:02

हिशेबनीस साहेब, नफ्याविषयीचा आपला टोला मान्य आहे, तो आम्ही आयुष्यभर ऐकला. मात्र मी नेहमीच्या दिवसांविषयी बोलत नव्हतो, तुटवड्याच्या दिवसांविषयी बोलत होतो. घरात पाणी नसताना टँकर कोणाचा आहे हे विचारत नाहीत, पाणी पिण्याचे आहे ना एवढेच विचारतात. शंका असेल तर डॉक्टरांनी ‘कोणतीही’ ऐवजी आपल्या विश्वासातल्या तीन कंपन्यांची नावे लिहावीत.

शेव_आणि_स्टेथोस्कोप | 5 जानेवारी, दुपारी 2:30

हिशेबनीस काका, साठ रुग्णांची गोष्ट खरी आहे, म्हणूनच हे काम डॉक्टरने एकट्याने करायचे नसते. आमच्याकडे दर सोमवारी कंपाउंडर दादा दवा बाजारातल्या दोन स्टॉकिस्टांना फोन करतात आणि आम्ही नेहमी लिहितो त्या चाळीसेक औषधांपैकी काय शॉर्ट आहे ते एका वहीत लिहितात. वीस मिनिटांचे काम आहे. ती वही माझ्या टेबलावर असते, त्यामुळे जे औषध बाजारात नाही ते मी मुळात नव्या रुग्णाला सुरू करत नाही, आणि जुना रुग्ण त्यावर असेल तर तो विचारण्याआधीच मी पर्याय काढून ठेवते. पूर्वी मला तुटवड्याची बातमी कळायची ती चिडलेल्या रुग्णाकडून, तीही औषध बंद होऊन पंधरा दिवस उलटल्यावर.

परंतु काकांच्या सूचनेला मी एक मर्यादा घालेन. ‘कोणत्याही कंपनीची चालेल’ ही ओळ सगळ्याच औषधांना लावता येत नाही. फिट्सची औषधे, रक्त पातळ करणारे वॉरफेरिन, थायरॉइडसाठीचे थायरॉक्सिन, लिथियम, मूत्रपिंड बदललेल्या रुग्णाचे टॅक्रोलिमस, या औषधांत गुण येणारी मात्रा आणि बाधणारी मात्रा यांतले अंतर फार थोडे असते. तिथे कंपनी बदलली तरी चालते, पण ‘बदलली’ हे डॉक्टरला कळले पाहिजे आणि पुढची तपासणी लावली पाहिजे. थायरॉक्सिनची बाटली बदलली तर मी सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच ही थायरॉइडची रक्ततपासणी करायला लावते. म्हणून अशा चिठ्ठ्यांवर मी ‘बदल करण्यापूर्वी फोन करावा’ असे लिहिते आणि दवाखान्याचा नंबर देते. तो नंबर कोणी उचलणारे असावे, ही या सगळ्यातली खरी अट आहे.

इन्सुलिन_खजिनदार | 5 जानेवारी, दुपारी 4:11

ताईंच्या मुद्द्याला माझा अनुभव जोडतो, कारण आमच्याकडे पर्याय मिळाला होता आणि तोच अंगाशी आला.

आई अनेक वर्षे पेनमधून ह्यूमन इन्सुलिन घेत होती. त्या पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज मिळेनाशी झाली, तेव्हा डॉक्टरांनी तेच इन्सुलिन व्हायलमध्ये, म्हणजे सिरिंजने ओढून घ्यायच्या छोट्या बाटलीत लिहून दिले. चिठ्ठीवर फक्त ‘सकाळी 20 युनिट’ असे होते. मी दुकानातून व्हायल आणली आणि घरात भाच्याच्या जुन्या उपचारातल्या नारिंगी टोपीच्या सिरिंज होत्या, त्या वापरल्या. आठ दिवसांत आईची साखर 380 च्या पुढे गेली. आम्ही तिलाच बोल लावत होतो की लपून गोड खातेस. संक्रांतीचे तिळाचे लाडू घरात होते, त्यामुळे आरोप सिद्ध करणेही सोपे होते.

मग कळले ते असे. पेनच्या कार्ट्रिजमध्ये एका मिलिलिटरला 100 युनिट असतात, तर आपल्याकडच्या नेहमीच्या व्हायलमध्ये 40 असतात. 40 च्या व्हायलसाठी लाल टोपीची सिरिंज असते आणि 100 साठी नारिंगी टोपीची. नारिंगी सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत भरले की 0.2 मिलिलिटर येते, आणि 40 च्या व्हायलमधून त्याचे होतात फक्त 8 युनिट. आई 20 ऐवजी 8 वर होती. आमची चूक उलट्या दिशेने झाली असती, म्हणजे कार्ट्रिजमधले इन्सुलिन लाल सिरिंजने ओढले असते, तर 20 च्या रेघेवर 50 युनिट गेले असते, आणि मग हा धागा लिहायला मी कदाचित इतक्या शांतपणे बसलो नसतो.

तुटवड्यात पर्याय लिहून देणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना माझी हात जोडून विनंती आहे की नव्या वस्तूची शक्ती, नवे साधन आणि त्याचा रंगसुद्धा चिठ्ठीवर लिहावा, आणि पहिले इंजेक्शन दवाखान्यात समोर भरून घ्यावे.

पोहे_जिलेबी | 5 जानेवारी, दुपारी 4:25

लाडवांची जाहीर माफी मागितलीत का?

इन्सुलिन_खजिनदार | 5 जानेवारी, दुपारी 4:31

आईची मागितली. लाडू मी संपवले.

सुदामानगरची_मंजू | 5 जानेवारी, रात्री 9:05

माझा मुलगा अकरा वर्षांचा आहे आणि एडीएचडीसाठी, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता यांसाठी मिथाइलफेनिडेट घेतो. हे औषध शेड्यूल एक्स मध्ये येते. चिठ्ठी दोन प्रतींत लागते, त्यातली एक दुकानदार दोन वर्षे जपून ठेवतो, आणि विकण्यासाठी त्याला 20-एफ नावाचा वेगळा परवाना लागतो. त्यामुळे हे औषध ठेवणारी दुकानेच हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यांतल्या एका दुकानाचा माल अडकला की आमच्यासाठी तो तुटवडाच असतो.

पूर्वीच्या डॉक्टरांकडे आम्ही दर वेळी एक प्रत घेऊन परत यायचो आणि दुकानदार आम्हाला पुन्हा पाठवायचा. आत्ताच्या डॉक्टरांनी तीन साध्या गोष्टी केल्या. चिठ्ठी नेहमी दोन प्रतींत, तारीख, पूर्ण पत्ता आणि एकूण गोळ्यांची संख्या अंकांत व अक्षरांत लिहून देतात. कोणत्या दुकानात सध्या माल आहे ते आधी विचारून मगच आम्हाला तिकडे पाठवतात. आणि तिसरी गोष्ट म्हणजे औषध मिळालेच नाही तर काय करायचे हे त्यांनी आधीच ठरवून दिले होते: शनिवार-रविवार गोळी न देता त्या परीक्षेच्या आठवड्यासाठी राखून ठेवायच्या. हे या औषधाला चालते, कारण त्याचा परिणाम त्या दिवसापुरता असतो. दुसरे एक औषध, ॲटोमॉक्सेटिन, साध्या चिठ्ठीवर मिळते, पण त्याचा गुण यायला काही आठवडे लागतात आणि ते असे मध्येच थांबवून पुन्हा सुरू करून भागत नाही, हेही त्यांनी समजावले. मला वाटते, डॉक्टरांची सर्वांत मोठी मदत ही आधी सांगून ठेवण्याची असते. औषध संपल्यावर दिलेला सल्ला आणि संपण्यापूर्वी दिलेला सल्ला हे एकच शब्द असले तरी घरातली रात्र वेगळी जाते.

लेक_परदेशी | 5 जानेवारी, रात्री 10:40

मंजूताई, माझा नातू न्यू जर्सीत आहे आणि त्याच वर्गातले औषध घेतो. तिथे सगळे सुरळीत असेल असा माझा भ्रम होता. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ॲडरॉल या औषधाचा तुटवडा अधिकृतपणे जाहीर केला, आणि त्यानंतर लेकीने महिनोन्‌महिने दुकानांना फोन केले. नियंत्रित औषध असल्याने पुष्कळ दुकाने साठा आहे की नाही हे फोनवर सांगत नसत. चिठ्ठी संगणकावरून थेट एका ठरावीक दुकानाला जाते. तिथे माल नसला की ती रद्द करून दुसऱ्या दुकानाला नवी पाठवायची, म्हणजे प्रत्येक वेळी डॉक्टरांच्या दवाखान्याला विनंती. ऑगस्ट 2023 पासून अशी चिठ्ठी एकदा दुसऱ्या दुकानाकडे वळवण्याची मुभा मिळाली, तेव्हा थोडा श्वास घेता आला.

तिच्या डॉक्टरांनी केलेली एक युक्ती आपल्याकडेही लागू पडेल. 20 ची गोळी नसेल तर 10 च्या दोन, असे त्यांनी लिहून दिले. एकच शक्ती बाजारातून गायब असते आणि बाकीच्या मिळत असतात, हे त्यांना ठाऊक होते. ब्रिटनमध्ये तर गंभीर तुटवडा असेल तेव्हा सरकार ठरावीक औषधापुरता आदेश काढते आणि औषधविक्रेता नव्या चिठ्ठीशिवाय ठरवलेला पर्याय देऊ शकतो.

शेव_आणि_स्टेथोस्कोप | 5 जानेवारी, रात्री 11:02

दोन लहान गोळ्यांची युक्ती उत्तम आहे, फक्त उलट बाजूने करू नये. मोठी गोळी मोडून अर्धी करण्यापूर्वी ती मोडता येणारी आहे का हे विचारावे. एसआर, ईआर, सीआर अशी अक्षरे असलेली बरीच औषधे मोडली किंवा कुटली की हळूहळू सुटणारे औषध एकदम सुटू शकते.

चांदण्यातली | 6 जानेवारी, सकाळी 10:20

मला ल्युपस आहे, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार. मार्च 2020 मध्ये करोनाच्या प्रतिबंधासाठी हायड्रॉक्सीक्लोरोक्विनचे नाव पुढे आले आणि चार दिवसांत आमच्या भागातली दुकाने रिकामी झाली. महिनाअखेरीस ते औषध शेड्यूल एच-1 मध्ये गेले आणि दुकानदार आणखी बिचकू लागले. मी गेली सहा वर्षे जी गोळी घेत होते, ती मागताना मलाच संशयाने पाहिले जात होते.

माझ्या डॉक्टरांनी दोन कामे केली. नव्या चिठ्ठीवर आजाराचे नाव आणि ‘2014 पासून चालू’ असे स्पष्ट लिहिले, ज्यामुळे दुकानदाराला मी साठेबाज नाही हे कळले. आणि मला सांगितले की हे औषध शरीरातून अत्यंत सावकाश उतरते, त्यामुळे आठ-दहा दिवसांचा खंड पडला तरी लगेच काही कोसळणार नाही. त्या माहितीने मला झोप लागली. कोणत्या औषधाचा खंड किती दिवस सोसतो हे आम्हाला कोणीच सांगत नाही. आम्ही सगळ्याच औषधांना सारखेच घाबरतो, किंवा सारखेच घाबरत नाही.

बडोद्याहून_विनय | 6 जानेवारी, दुपारी 1:45

इंदूरच्या मंडळींच्या धाग्यात बडोदेकराने तोंड घालतो, माहेर रामबागेत असलेल्या पत्नीच्या परवानगीने.

आमच्या शेजारच्या मुलीला संधिवाती तापाने हृदयाच्या झडपेचा विकार झाला आहे. तिला दर 21 दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलीनचे 12 लाख युनिटचे इंजेक्शन लागते. हे इंजेक्शन जुने, स्वस्त आणि वारंवार गायब होणारे. तिचे डॉक्टर ‘मिळेल तेव्हा या’ असे म्हणत नाहीत. तारीख चुकणार असे दिसताच ते पेनिसिलीन-व्हीच्या गोळ्या दिवसातून दोनदा लिहून देतात आणि इंजेक्शन मिळाले की पुन्हा त्यावर आणतात. मधला पूल त्यांनी बांधून ठेवला आहे, एवढेच.

जुनी आणि स्वस्त औषधेच का गायब होतात, याचे उत्तर मात्र डॉक्टरांकडे नाही. कच्चा माल मोठ्या प्रमाणात चीनमधून येतो, त्याचा भाव वाढतो, इकडे विक्रीची किंमत सरकारने बांधलेली असते, आणि कंपनी निमूटपणे उत्पादन कमी करते. ऑक्टोबर 2024 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने अशाच आठ औषधांच्या 11 प्रकारांची कमाल किंमत 50 टक्क्यांनी वाढवली. त्या यादीत बेंझिल पेनिसिलीन, ॲट्रोपिन, सॅल्ब्युटामॉल होते, आणि रामबागकर, आपली लिथियमची 300 ची गोळीही होती.

हिशेबनीस | 6 जानेवारी, दुपारी 2:20

म्हणजे मूळ दुखणे हिशेबाचेच निघाले. मी पुन्हा विचारतो, किंमत परवडत नाही म्हणून कंपनी माल बनवत नसेल, तर डॉक्टर त्यात काय करणार?

निवृत्त_औषधवाला | 6 जानेवारी, सायंकाळी 6:10

कळवणार. 2013 च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाप्रमाणे किंमत बांधलेले औषध बंद करायचे असेल तर कंपनीने किमान सहा महिने आधी सरकारला कळवावे लागते आणि जाहीर सूचना द्यावी लागते. औषध मिळत नसल्याची तक्रार करण्यासाठी ‘फार्मा जन समाधान’ नावाची ऑनलाइन सोय 2015 पासून आहे. ती रुग्णही करू शकतो आणि डॉक्टरही. माझे मत असे की दहा रुग्णांनी दहा दुकानांत हुज्जत घालण्यापेक्षा एका डॉक्टरने आपल्या लेटरहेडवर औषधाचे नाव, शक्ती आणि किती दिवसांपासून मिळत नाही हे लिहून कळवले, तर त्या कागदाला वजन येते. चार ओळींचे काम आहे.

वॉर्डातली_रात्र | 6 जानेवारी, रात्री 11:50

मी 2021 च्या मे महिन्यात शहरातल्या एका मोठ्या रुग्णालयात निवासी डॉक्टर होते. काळ्या बुरशीचे रुग्ण एकामागून एक येत होते आणि त्यावरचे लिपोसोमल ॲम्फोटेरिसिन-बी हे इंजेक्शन सरकारकडून वाटून येत होते, रोज गरजेपेक्षा कमी. हिशेबनीस काकांच्या प्रश्नाला त्या दिवसांचे उत्तर देते.

सुरुवातीला आम्ही नातेवाइकांच्या हातात चिठ्ठी देऊन ‘आणा’ म्हणत होतो. ते रात्रभर फिरायचे, दुप्पट-चौपट पैसे देऊन काय आणायचे ते त्यांनाही माहीत नसायचे. त्याच्या आधीच्याच महिन्यांत गुजरातेत मीठ आणि ग्लुकोज भरून बनवलेल्या नकली रेमडेसिविरच्या कुप्या इंदूर-जबलपूरपर्यंत पोहोचल्या होत्या. चिठ्ठी हातात देऊन माणसाला बाजारात सोडणे म्हणजे त्याला लुटारूच्या हवाली करणे आहे, हे आम्हाला उशिरा उमजले. नंतर आमच्या वरिष्ठांनी चिठ्ठ्या देणे बंद केले. डोळ्यापर्यंत, मेंदूपर्यंत कोणाची बुरशी पोहोचली आहे हे पाहून रोज सकाळी यादी बनायची, आणि यादीत नाव खाली असलेल्यांना साधे ॲम्फोटेरिसिन दिले जायचे. त्याचा मूत्रपिंडावर भार पडतो, म्हणून त्यांचे क्रिएटिनिन आणि पोटॅशियम आम्ही डोळ्यात तेल घालून पाहत असू. काहींना पुढे पोसाकोनाझोल या दुसऱ्या बुरशीविरोधी औषधावर नेले. यादीत नाव खाली का आहे, हे नातेवाइकांना रोज समोर बसून सांगावे लागे. ते काम मला औषध देण्यापेक्षा जड गेले, आणि तेव्हा ते कोणी शिकवलेले नव्हते.

बडोद्याहून_विनय | 7 जानेवारी, सकाळी 9:30

रामबागकर, माझ्या मावसभावाची लिथियमची दोन पाकिटे न वापरता पडून आहेत, त्याचे औषध बदलले आहे. पत्ता कळवल्यास कुरिअरने पाठवतो.

शेव_आणि_स्टेथोस्कोप | 7 जानेवारी, सकाळी 9:48

विनयराव, भावना पोहोचली, परंतु कृपया हे करू नये. बॅच, मुदत, साठवण यांपैकी कशाचीच खात्री नाही, आणि एकदा पायंडा पडला की उद्या कोणीतरी या धाग्यावर औषधे विकायला बसेल.

धागा_देखरेख | 7 जानेवारी, सकाळी 10:05

औषधांची देवाणघेवाण, विक्री किंवा खासगी पत्ते यांविषयीचे प्रतिसाद काढून टाकले जातील. अनुभव आणि माहिती लिहिण्यास हरकत नाही.

रामबागकर | 12 जानेवारी, रात्री 8:15

आठवडाभर लिहू शकलो नाही, क्षमस्व. सोमवारी सकाळी ताईंनी सांगितल्याप्रमाणे कागद लिहून घेऊन गेलो. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि स्वागतकक्षातून असे उत्तर गेले हे त्यांना माहीतच नव्हते असे म्हणाले. मला ते खरे वाटले. त्यांनी बंधूंची मात्रा दिवसाला 800 मिलिग्रॅम एसआर अशी ठरवली, पाणी भरपूर पिण्यास आणि मीठ एकदम कमी न करण्यास सांगितले, आणि रक्त कोणत्या तारखेला, किती वाजता द्यायचे ते चिठ्ठीवरच लिहिले. औषधाच्या मूळ नावाखाली तीन कंपन्यांची नावेही लिहिली. पहिल्याच दुकानात मिळाले. काल रक्त दिले, आज अहवाल आला, पातळी 0.7 आहे. डॉक्टरांना फोन केला, त्यांनी स्वतः उचलला आणि योग्य आहे म्हणाले.

हिशेबनीस साहेब, आपला प्रश्न मी त्यांनाच विचारला. ते म्हणाले, ‘माल आणणे माझ्या हातात नाही, पण तुम्ही कोणत्या दुकानात कोणता कागद घेऊन उभे राहता ते माझ्या हातात आहे.’

हिशेबनीस | 12 जानेवारी, रात्री 8:40

नोंद घेतली. बंधूंना नमस्कार सांगावा. स्वागतकक्षाविषयीचा माझा मुद्दा मात्र कायम आहे: ती खुर्ची डॉक्टरांचीच असते.

निवृत्त_औषधवाला | 15 जानेवारी, सकाळी 11:00

ताजी खबर. आज बाजारात फेरी मारली, एका कंपनीची 300 ची साधी गोळी परवा रात्री आली आहे. कोणाला हवी असल्यास पक्के बिल मागा आणि दोन महिन्यांपेक्षा अधिक घेऊ नका, मागे रांग आहे.

रामबागकर | 15 जानेवारी, दुपारी 12:35

काका, मनापासून आभार. खबर वाचून मी उडालोच आणि लगेच डॉक्टरांना विचारले. ते म्हणाले, पातळी जुळली आहे, आता जुन्या गोळीवर परत नेले तर पुन्हा बदल आणि पुन्हा तपासणी, तेव्हा आहे तेच चालू ठेवा. एका दुकानात मी गोळ्यांसाठी नाव लिहून आगाऊ पैसे ठेवले होते. आत्ताच जाऊन ते नाव खोडून आलो. माझ्यानंतर वहीत अजून चार नावे होती.